मराठी ग्रंथ संग्रहालय, ठाणे

मराठीत छापलेले प्रत्येक पुस्तक जमवून जपायचे, या हेतूने उभे राहिलेले आद्य सार्वजनिक ग्रंथालय. स्थापना 1 जून 1893. संस्थापक विनायक लक्ष्मण भावे (1871–1926) तेव्हा महाविद्यालयात शिकत होते. वयाला बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

महाराष्ट्राला वाचनालये नवी नव्हती. रत्नागिरीला 1828 पासून, पुण्याला 1848 पासून ती होती. मात्र त्या काळच्या ‘नेटिव्ह जनरल लायब्रऱ्यां’चा ओढा इंग्रजी ग्रंथांकडे असे. भाव्यांनी ठाण्यात वेगळा पाया घातला: मराठीच, आणि मराठीतले सगळे. पुढे त्यांनी ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला. संग्रह आणि इतिहास या दोन्हींमागचा ध्यास एकच होता.

संग्रहाचे खरे धन म्हणजे जुनी, दुर्मीळ पुस्तके. 1805 साली बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरीचे मराठी व्याकरण छापले गेले. 1867च्या कायद्याने पुस्तकांची सरकारी नोंद सक्तीची झाली. या दरम्यानच्या मराठी पुस्तकांना दोलामुद्रिते म्हणतात. त्यांची सरकारदरबारी नोंदच नसल्याने अनेकदा कपाटात उरलेली प्रत हाच त्यांचा पुरावा असतो. शिळाछापाचे पुस्तक उघडले की पोथीच समोर येते, कारण लेखनिकाचे वळण दगडावरून जसेच्या तसे कागदावर उतरलेले असते. चिंध्यांच्या लगद्याचा तो कागद पुष्कळदा आजही लवचीक लागतो. उलट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा, लाकडाच्या लगद्याचा कागद पान उलटताना कडेला तुटतो. त्यामुळे वयाने लहान पुस्तकांचीच निगा जास्त राखावी लागते. ग्रंथालयाने दुर्मीळ पुस्तकांच्या संगणकीय प्रती करून घेतल्या, हे काम मोलाचे आहे. संशोधकाची गरज भागते आणि मूळ प्रतीला हात लागत नाही.

महाराष्ट्राच्या 1967च्या ग्रंथालय कायद्यात तमिळनाडूसारखा ग्रंथालय-कर नाही. त्यामुळे अशा संस्था वर्गणी, देणगी आणि सरकारी अनुदान यांवरच चालतात, आणि कार्यकारिणीत पदरमोड करून राबणारी माणसे मिळाली तरच टिकतात. ठाणेकरांनी हा भार सव्वाशेहून अधिक वर्षे वाहिला आहे. कादंबरी बदलायला येणारा सभासद आणि संदर्भासाठी येणारा अभ्यासक या दोघांनाही इथे जागा आहे. वाचनालयापर्यंत येऊ न शकणाऱ्यांसाठी संस्थेने फिरते वाचनालयही चालवले. डिसेंबर 2010 मध्ये ठाण्यात भरलेल्या 84व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे यजमानपद याच संस्थेकडे होते. संमेलनाध्यक्ष उत्तम कांबळे होते.