कागदावरची निपाणी, काचेवरचे बेळगाव

निपाणीहून बेळगावला निघालेला माणूस दीड-दोन तासांत पोहोचतो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशांवर हाच प्रवास करायचा तर एक कागद मिटून दुसरा उघडावा लागतो. निपाणी '४७ एल' या चौकोनात, बेळगाव '४८ आय' मध्ये. मधून सोळावा अक्षांश जातो, एस.टी.त बसलेल्या कुणालाही तो कधी ओलांडला हे कळत नाही. कागदावरची रेघ आणि पायाखालची जमीन यांच्यातल्या या अंतराची ज्याला गोडी लागली, तो आमच्या विषयाच्या उंबरठ्यावर उभा आहे. त्याला आत बोलावण्यासाठीच ही प्रस्तावना.

जुनी छायाचित्रे आणि जुने नकाशे यांवरून गावाचा इतिहास वाचणे, हा तो विषय. इथे पहिला धडा असा की कागदावर काय आहे ते पाहून झाले की काय नाही ते पाहावे.

१८७४ च्या जानेवारी ते मे या महिन्यांत जेम्स बर्जेस बेळगाव आणि कलादगी जिल्ह्यांत हिंडले. पश्चिम भारताच्या पुरातत्त्व पाहणीचा पहिला अहवाल त्या भटकंतीतून निघाला. छायाचित्रांनी आणि शिळाछापाच्या रेखाटनांनी तो सजलेला आहे. बेळगावच्या किल्ल्यातली जैन बस्ती, तिचे खांब, तिची छते यांकडे अभ्यासकांची नजर वळली ती अशा कामांमुळे. त्या काळी काचेवर चित्र उमटायला काही सेकंद लागत, कधी त्याहून जास्त. दगड हलत नाही, म्हणून तो नक्षीसकट उमटतो. चालता माणूस धुरकट होतो किंवा पुसलाच जातो. तेव्हा जुन्या चित्रातला रस्ता ओस दिसला म्हणून गाव ओस होते असे लिहू नये. रस्त्याच्या कडेला एखादा पुसट पट्टा दिसतो का ते भिंग लावून पाहावे. तो पट्टा म्हणजे त्या वेळी तिथून गेलेले कुणीतरी असते.

नकाशाचेही तसेच. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ मध्ये इंदापूर तालुक्यात जी मोजणीची पद्धत बसवली, तीच पुढे दक्षिण मराठा मुलखात आली. ३३ फुटांची साखळी, तिच्या चौरसाचा एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. गावनकाशा उघडला की सर्व्हे नंबर, बांध, ओढा, पाणंद, हद्दीचे दगड असे सारे रांगेने भेटते. पण हा नकाशा सारा ठरवण्यासाठी केलेला. ज्याच्या नावावर जमीन, त्याची त्यात नोंद. निपाणीचे नाव तंबाखूने दूरवर नेले; तो तंबाखू वखारीत निवडणाऱ्या, चाकीवर राबणाऱ्या बायकांना या नकाशात जागा नाही. ती जागा भरायला दुसरे साधन लागते. युगांतर या गटाने १९८२ मध्ये निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांवर केलेला 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा माहितीपट असे साधन आहे. नकाशात जे घर नुसता चौकोन होते, त्याच्या आतला खकाणा आणि त्या बायकांचा आवाज तिथे भेटतो.

छायाचित्र आणि नकाशा ही दोन्ही साधने एकत्र कशी वाचावीत, याचा सोपा नमुना बेळगावातच आहे. डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन टिळकवाडीत भरले. मंडप उठला, राहुट्या गेल्या. पाण्यासाठी खोदलेली विहीर मात्र 'काँग्रेस विहीर' म्हणून आजही आहे. अधिवेशनाचे छायाचित्र हाती आले की नकाशावर आधी ती विहीर शोधावी. एक खुंटी पक्की बसली की छायाचित्रकार कुठल्या बाजूला उभा होता हे हळूहळू उलगडते.

आता निपाणीच्या वेशीवरची रेघ पाहू. गावाला लागून असलेल्या अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजात जाणारी निपाणीची मुले रोज राज्य ओलांडतात. ही रेघ १९५६ मध्ये नव्याने पडली असे अनेकांना वाटते. जुना नकाशा वेगळे सांगतो. इंग्रजी अमदानीत अलीकडे मुंबई इलाख्याचा बेळगाव जिल्हा होता, पलीकडे कोल्हापूर संस्थानातले कागल. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबईत विलीन झाले आणि ती दोन जिल्ह्यांमधली साधी हद्द उरली. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि ती राज्याची सीमा झाली. आठ वर्षांच्या आत एकाच रेघेचा अर्थ दोनदा बदलला. सीमाभागातल्या माणसाने हे तारखांसकट जाणून घ्यावे, कारण त्याचे दाखले, त्याची शाळा, त्याच्या सातबाऱ्याची भाषा या रेघेने ठरवली आहे.

या अभ्यासाला पदवी लागत नाही. भिंग, वही, ओळखीच्या वाटा आणि धीर एवढे पुरते. सामग्री मोठ्या ग्रंथालयांत आहेच. त्याहून जास्त आपल्या माळ्यावरच्या ट्रंकांत आहे. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले लग्नातले फोटो, वखारीच्या उद्घाटनाचे, शाळेच्या गॅदरिंगचे. त्यांच्या मागे बहुधा काहीच लिहिलेले नसते. त्या माणसांना नावाने ओळखणारे अजून घरात आहेत. वाचकहो, या रविवारी एक फोटो घेऊन आजीजवळ बसा. ती सांगेल ती नावे, ठिकाण आणि साल फोटोच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने लिहा. आपल्या शहराचा इतिहास तिथून सुरू होतो.