कर्णा नसलेलं गाव

लढाईत आवाजही हत्यार असतो. १९६७ साली नथु-ला खिंडीत चिनी फौज कर्णे लावून आपल्या जवानांना ऐकवत होती. गोळी न झाडता समोरच्याचं अवसान गाळायचं, ही त्यातली युक्ती. आमच्या गावानं १९४८ साली याची उलटी बाजू पाहिली. फौज आली, पण सांगणारा आवाज आला नाही.

१३ सप्टेंबरला सोलापूरकडून निघालेल्या भारतीय फौजेनं नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल शाबूत ताब्यात घेतला. त्याच दुपारी आघाडी उमरग्यात पोचली. लष्कराच्या कागदात हे 'ऑपरेशन पोलो', लोकांच्या तोंडी 'पोलीस अ‍ॅक्शन'. आमच्या गावात तेव्हा ना रेडिओ, ना कर्णा. आजी सांगायची, "नुसती घरघर. जिमीन हालत व्हती. कोन आलंय, आपलं का परकं, कुणी सांगंना." सरकारचा आवाज म्हणजे आम्हाला हलगीवरची दवंडी ठाऊक. ती द्यायला लावणारा पटवारीच दप्तर टाकून गेलेला.

१७ तारखेला खुद्द निजामानं हैदराबाद रेडिओवरून युद्धबंदी जाहीर केली, रझाकारांवर बंदी घातली. दुसऱ्या दिवशी त्याचे सेनापती अल इद्रूस मेजर जनरल चौधरींना शरण आले. रेडिओ होता तिथं हे लगेच कळलं. आमच्याकडं त्याआधी अफवा पोचल्या. रझाकारांनी लोकांना फार छळलं होतं. त्यांचा पुढारी कासीम रझवी लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा आमच्याच जिल्ह्यात. पण राग निघाला तो शेजारच्या गरीब मुसलमानांवर. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं सगळ्यात जास्त होरपळलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव, धरलं.

आमच्या गल्लीतलं पिंजाऱ्याचं घर त्याच आठवड्यात रिकामं झालं. लढाई थांबल्याचं गावाला कळलं ते नंतर, एका गाडीवानाकडून. "कुणी मोठ्यानं सांगितलं आसतं, झालं आता, कुणाला हात लावू नगा..." एवढं बोलून आजी गप्प व्हायची.

आता दर १७ सप्टेंबरला शाळेपुढं कर्णा लागतो. झेंडावंदन होतं, भाषणं होतात. व्हायलाच हवीत, ती राजवट गेली म्हणून आमच्या पिढीला मराठी शाळा मिळाली. पण त्या कर्ण्यावरून पिंजाऱ्याच्या घराचा विषय कधी निघत नाही, म्हणून तो इथं लिहून ठेवला.