पुण्याचे पाणी आणि हाडांतील धातू

कात्रजचे पाणी पुण्यात आणण्याची तजवीज नानासाहेब पेशव्यांनी 1750 च्या सुमारास केली, तेव्हा वाढती वस्ती, शनिवारवाड्याची कारंजी आणि उन्हाळ्यात तळ गाठणाऱ्या विहिरी एवढ्याच गोष्टी त्यांच्या दृष्टीपुढे होत्या. त्या पाण्यात कोणता धातू विरघळलेला आहे याची चिकित्सा पेशव्यांच्या कारभाऱ्यांकडून अपेक्षिणे अन्यायाचे ठरेल; कारण मॅग्नेशियम हा धातू हंफ्री डेव्हीने प्रथम वेगळा काढला तो 1808 साली, म्हणजे दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत, आणि तोही सातासमुद्रापलीकडे.

तलावातून निघालेला बांधीव भुयारी नळ, वाऱ्यासाठी ठिकठिकाणी ठेवलेले त्याचे उच्छ्वास, आणि केवळ उताराच्या बळावर शहरातील हौदांत येऊन पडणारे पाणी, ही रचना आजही कौतुकास पात्र आहे. परंतु तलावात साठलेले पावसाचे पाणी त्या मानाने हलके. विहिरींचे मात्र जड. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा जो काळा कातळ पुण्याच्या पायाखाली आहे, त्यातील ऑगाइट व ऑलिव्हिन या खनिजांत मॅग्नेशियम असते, आणि भेगांतून झिरपणारे किंचित आम्ल पाणी ते हळूहळू विरघळवून घेते. रसायनशास्त्र न शिकलेल्या गृहिणींस हे त्यांच्या रीतीने ठाऊक होते: ज्या विहिरीच्या पाण्यात तूरडाळ शिजता शिजत नाही, साबणास फेस येत नाही आणि बंबाच्या बुडाशी पांढरी खर धरते, ती विहीर धुण्याभांड्यांची.

त्या नावडत्या पाण्यातील ऐवज देहाच्या मात्र कामी येत असे. प्रौढ मनुष्याच्या शरीरात सुमारे 25 ग्रॅम मॅग्नेशियम असते व त्याचा निम्म्याहून अधिक वाटा हाडांत साठविलेला असतो. हाड म्हणजे चुना, हा समज अर्धाच खरा आहे. चुन्याच्या स्फटिकांचा आकार मॅग्नेशियम आवरून धरते. ते उणे पडले तर स्फटिक मोठे व ठिसूळ होतात. शिवाय ड जीवनसत्त्व यकृतात व मूत्रपिंडात कार्यक्षम होण्यास आणि रक्तातील चुन्याचे प्रमाण राखणाऱ्या परावटु ग्रंथीस आपले काम करण्यास हाच धातू लागतो. दवाखान्यांना मात्र त्याची ओळख दीर्घकाळ जुलाबाचे मीठ एवढीच होती!

तथापि जुन्या पाण्याचे गोडवे गाणाऱ्यांस आवर घातला पाहिजे. त्याच पाण्यातून पटकीही येत असे, आणि 1879 साली पुरे झालेल्या खडकवासल्याच्या धरणाने शहरावर जे उपकार केले ते विसरता येत नाहीत. हिशेबाच्या दृष्टीनेही पाण्याचा वाटा लहानच: लिटरमागे 30 मिलिग्रॅम मॅग्नेशियम असलेले दोन लिटर पाणी प्यायले तरी पदरी 60 मिलिग्रॅम पडतात, आणि पुरुषाची दैनंदिन गरज 440 च्या घरात आहे.

खरी बेगमी धान्यात होती, आणि इथे पेठांची प्रतिष्ठा फारशी उपयोगी पडत नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे 130 मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते, नाचणीत त्याहून थोडे अधिक, आणि गिरणीत सडलेल्या पांढऱ्याशुभ्र तांदळात जेमतेम 20. म्हणजे मावळच्या आंबेमोहराचा भात वरण-तुपाशी कालवून जेवणाऱ्या पंतांपेक्षा, इंदापूर-बारामतीकडची भाकरी कांद्याशी मोडणारा त्यांचा गडी या एका बाबतीत अधिक श्रीमंत होता. धान्यातील फायटिक आम्ल या धातूचे शोषण काही अंशी अडविते हे खरे. पण मुळातच इतका फरक असताना ती वजावट सोसण्याजोगी आहे.

हल्ली उपनगरांतील सोसायट्यांत विंधन विहिरीचे व टँकरचे जड पाणी येते, म्हणून घरोघरी शुद्धीकरणाची यंत्रे बसली आहेत. ती खर काढून टाकतात आणि तिच्याबरोबर मॅग्नेशियमही बहुतांशी काढून टाकतात. मग कोणी गोळ्या आणतात, ज्या मूत्रपिंडाच्या रुग्णाने वैद्यास विचारल्याखेरीज घेऊच नयेत. ज्वारीचा भाव मात्र आता दुकानांत गव्हाच्या वर गेला आहे.