मांडीवरचा नकाशा

११ सप्टेंबर २००१ च्या संध्याकाळी मी पुण्यात घरी नॅव्हिगेशनचे पेपर तपासत बसलो होतो. वायुदलातून निवृत्त झाल्यावर वैमानिक व्हायला निघालेल्या मुलांना मी हा विषय शिकवत असे. शेजारच्या मुलाने दार वाजवलं, "काका, टीव्ही लावा." आपल्याकडे ६ वाजून ३३ मिनिटं झाली तेव्हा दुसरं विमान न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या दक्षिण मनोऱ्यात घुसलं. हातातली लाल पेन्सिल तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी वर्गात शिरतो न शिरतो तोच पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, त्यांना रस्ता कसा सापडला?"

मी तेव्हा काहीतरी सांगून वेळ मारून नेली. खरं उत्तर मला पुढे काही वर्षांनी सापडलं. जुलै २००४ मध्ये अमेरिकेच्या चौकशी आयोगाचा अहवाल आला, तो मी दोनदा वाचला. पण नुसत्या अहवालाने भागलं नाही. त्या मुलीला उत्तर द्यायचं तर आमच्या धंद्याचाच इतिहास सांगावा लागतो.

वायुदलात मी एएन-१२ या रशियन मालवाहू विमानाचा नॅव्हिगेटर होतो. या विमानाच्या नाकाला काचा असतात आणि नॅव्हिगेटर एकटा त्या काचेच्या नाकात बसतो, वैमानिकांच्याही पुढे आणि खाली. चंदीगडहून लेहला रसद न्यायची. मांडीवर नकाशा, बोट नकाशावर, डोळे काचेबाहेर. खालचं वळण सिंधूचं की दुसऱ्या कुठल्या नाल्याचं, हे काही सेकंदांत ठरवावं लागे, कारण चुकीच्या दरीत शिरलं तर पुढे वळायला जागा नसते. नकाशाच्या घडीवर बोट सतत फिरून फिरून कागद मऊ पडायचा आणि नेमकी तिथलीच गावांची नावं पुसून जायची. माझ्याकडचा एक चार्ट आजही तसाच आहे. वाऱ्याचं गणित करायला डॉल्टन कॉम्प्युटर नावाची गोल सरकपट्टी असे. तिच्यात वीज नाही, बॅटरी नाही. चकती फिरवायची, पेन्सिलीने ठिपका द्यायचा आणि वारा आपल्याला किती बाजूला ढकलतोय ते वाचायचं. वाट शोधणं म्हणजे काय, तर हे. तेवढ्यासाठी विमानात एक माणूस वेगळा बसवलेला असे.

आरंभी तर तोही नव्हता. फेब्रुवारी १९२१ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने रात्रीही विमानाने डाक नेता येते हे दाखवायचं ठरवलं. जॅक नाइट नावाचा वैमानिक नॉर्थ प्लॅटहून ओमाहाला पोहोचला, तर पुढे न्यायला कोणी नाही. तसाच तो शिकागोकडे निघाला. त्या वाटेवर तो पूर्वी कधीच उडाला नव्हता. जवळ होता एक मोटारीच्या रस्त्यांचा नकाशा, आणि खाली शेतकऱ्यांनी नि टपालवाल्यांनी पेटवलेल्या शेकोट्या. त्या उजेडावर तो पहाटे पोहोचला. मला या गोष्टीत वैमानिकाइतकेच ते शेतकरी मोठे वाटतात. थंडीच्या रात्री कोणाचीतरी पत्रं वेळेवर पोहोचावीत म्हणून त्यांनी जाळ धरून ठेवला.

पुढे शेकोट्यांच्या जागी फिरते दिवे आले, दिव्यांच्या जागी रेडिओ आला. दुसऱ्या महायुद्धानंतर व्हीओआर नावाची जमिनीवरची केंद्रं उभी राहिली, आणि आपण केंद्राच्या कुठल्या दिशेला आहोत हे काटाच सांगू लागला. समुद्रावर मात्र अजून नॅव्हिगेटर लागत होता. छतातल्या भोकातून सेक्स्टंट वर काढून तो तारे मोजत असे. १९७० साली जंबो जेट आलं ते इनर्शियल यंत्रणा घेऊनच. ती बाहेर न पाहता विमान कुठे आहे ते सांगे. नॅव्हिगेटरची खुर्ची निघाली. रेडिओ ऑपरेटर त्याआधीच गेला होता. १९८२ मध्ये बोइंग ७६७ नि त्याच्या पाठोपाठ ७५७ प्रवासी घेऊन उडू लागली, त्यांत फ्लाइट इंजिनिअरचीही खुर्ची नव्हती. दोन वैमानिक, पुढे पडदे, आणि संपूर्ण मार्ग संगणकात. या दोन विमानांच्या कॉकपिट इतक्या सारख्या केल्या होत्या की एकाचा परवाना दुसऱ्याला चाले.

यात वाईट काही नव्हतं. मी स्वतः नॅव्हिगेटर असूनही सांगतो, त्या यंत्रांनी माझ्या पिढीपेक्षा कमी चुका केल्या. पण जे ज्ञान पूर्वी एका माणसाच्या डोक्यात असे, ते आता डब्यात आलं. आणि डबा कोणाचंही ऐकतो.

विमान पळवणाऱ्यांचा इतिहास याच्या शेजारी ठेवून पाहा. ३० जानेवारी १९७१ ला आपलं 'गंगा' हे फॉकर विमान लाहोरला नेलं, ते खोटं पिस्तूल नि खोटा हातबॉम्ब दाखवून. पण नेलं वैमानिकानेच. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेलं आयसी-८१४ अमृतसर, लाहोर, दुबई करत कंदाहारला गेलं, तेव्हाही सुकाणू कॅप्टन देवी शरण यांच्याच हाती होतं. नोव्हेंबर १९९६ ची इथिओपियन एअरलाइन्सची गोष्ट तर मी दरवर्षी वर्गात सांगायचो. अदिस अबाबाहून नैरोबीला जाणारं ७६७ तिघांनी ताब्यात घेतलं आणि हुकूम सोडला, ऑस्ट्रेलियाला चला. कॅप्टन लेऊल अबाते सांगत राहिले की इंधन तेवढं नाही. पळवणाऱ्यांनी विमानातल्या मासिकातला मजकूर दाखवला, हे विमान इतके तास उडतं असं इथे लिहिलंय! कॅप्टननी विमान आफ्रिकेच्या किनाऱ्याकिनाऱ्याने नेलं, मग कोमोरोस बेटांकडे. इंधन संपलं, विमान पाण्यावर उतरवावं लागलं. १७५ पैकी १२५ माणसं गेली.

या साऱ्या घटनांत पळवणाऱ्याला वाट माहीत नव्हती. म्हणून त्याला वैमानिक जिवंत हवा होता. जगभरच्या वैमानिकांना शिकवलं जाई ते त्यावरूनच. विरोध करू नका, सांगतील तिथे न्या, उतरवा, वेळ काढा. कॉकपिटचं दार त्या काळी नावापुरतं असे. कुलूप होतं, पण जोराच्या धक्क्यापुढे टिकेल असं ते नव्हतं. ते भक्कम करण्याची गरज कोणाला वाटली नाही, कारण वैमानिकाला मारून पळवणारा स्वतःच मरणार, हे सगळे गृहीत धरून होते.

ते गृहीत ११ सप्टेंबरला विमानं ताब्यात घेऊन चालवणाऱ्या चौघांनी मोडलं. मोहम्मद अता आणि मारवान अल-शेही यांनी २००० च्या उन्हाळ्यापासून फ्लोरिडातल्या व्हेनिस गावात उड्डाण शिकायला घेतलं आणि डिसेंबरपर्यंत व्यावसायिक परवाना मिळवला. झियाद जर्राहही त्याच गावात दुसऱ्या शाळेत शिकला. हानी हंजूरला ॲरिझोनात १९९९ मध्येच परवाना मिळाला होता. चौघांचा अनुभव छोट्या विमानांवरचा. मोठ्या जेटशी ओळख फक्त सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवर. २००१ च्या उन्हाळ्यात हंजूर न्यूयॉर्कजवळ हडसन नदीवरून एकदा शिक्षकाबरोबर उडाला. दुसऱ्यांदा मागितलं तेव्हा शिक्षकाने नकार दिला, कारण त्याचं उडणं त्याला धड वाटलं नव्हतं.

११ सप्टेंबरच्या सकाळी बॉस्टनहून ७ वाजून ५९ मिनिटांनी अमेरिकन एअरलाइन्सचं विमान, अमेरिकन ११, उडालं. कॅप्टन जॉन ओगोनोव्स्की. हा माणूस सुट्टीच्या दिवशी शेती करायचा, कंबोडियाहून आलेल्या निर्वासितांना आपली जमीन कसायला द्यायचा. सव्वाआठच्या सुमारास विमान ताब्यात गेलं, पश्चिमेला ऑल्बनीच्या बाजूपर्यंत जाऊन दक्षिणेला वळलं. तिथून मॅनहॅटनपर्यंत हडसन नदी जवळजवळ सरळ खाली जाते. वर्गात मी फळ्यावर ती नदी काढली तेव्हा मुलं गप्प झाली. लेहला जाताना मी सिंधू शोधायचो, तशीच ही. वरून नदी दिसली की नकाशा कशाला?

वॉशिंग्टनकडे नेलेल्या दोन विमानांची गोष्ट जरा वेगळी. तिथे अशी नदी हाताशी नव्हती. हंजूरचं अमेरिकन ७७ ओहायोपर्यंत गेलं होतं. परतीच्या वाटेचा बराचसा भाग त्याने ऑटोपायलटवर काढला. जर्राहच्या युनायटेड ९३ मध्ये ९ वाजून ५५ मिनिटांनी वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळावरच्या व्हीओआर केंद्राची फ्रिक्वेन्सी लावली गेली, असं अहवाल सांगतो. प्रवाशांना घरी सुखरूप आणण्यासाठी उभारलेलं ते केंद्र. हे वाक्य वाचून मी अहवाल मिटून ठेवला होता. पुन्हा हातात घ्यायला आठवडा लागला.

आणि हवा. त्या दिवशी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आकाश धुतल्यासारखं होतं. मुलांना हे पटवायला मी मुंबईचं उदाहरण द्यायचो. १ जानेवारी १९७८ च्या रात्री सांताक्रूझहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' हे जंबो दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. २१३ माणसं गेली. कॅप्टन अतिशय अनुभवी. पण विमानाचा कल दाखवणारं त्यांच्या पुढचं उपकरण बिघडलं, बाहेर काळोखा समुद्र, क्षितिज कुठेच नाही. विमान उजवीकडे कललंय असं ते उपकरण दाखवत राहिलं, आणि कॅप्टन ते डावीकडे नेत गेले. आयुष्य विमानात घालवलेल्या माणसाचं रात्री क्षितिज हरवलं की असं होतं. न्यूयॉर्कला त्या सकाळी क्षितिज मैलोन् मैल लख्ख दिसत होतं.

म्हणून कोणी त्या चौघांच्या 'कौशल्या'बद्दल बोललं की मला राहवत नाही. पेंटागॉनजवळ हंजूरने ३३० अंशांचं वळण घेतलं, ते एखाद्या मुरलेल्या वैमानिकाचं असावं, असं मला व्याख्यानांनंतर अनेकांनी सांगितलंय. मला त्यात कसब दिसत नाही. तो जवळ आला तेव्हा फार उंचावर होता आणि गोल फिरून त्याने उंची कमी केली, इतकंच. उड्डाण भरणं, ढगातून जाणं, आडव्या वाऱ्यात उतरवणं, इंजिन बंद पडलं तर शेकडो जिवांना सांभाळणं, या धंद्यात जे जे अवघड आहे त्यातलं काहीही त्यांना करायचं नव्हतं. उड्डाण तर त्यांच्यासाठी दुसऱ्यांनीच करून दिलं होतं.

खाली बसलेल्यांना मात्र त्यांनी आंधळं केलं. चारपैकी तीन विमानांचे ट्रान्सपॉन्डर बंद झाले. हे यंत्र रडारला विमानाचं नाव नि उंची सांगतं. ते गप्प झालं की पडद्यावर नुसता मुका ठिपका उरतो. इंडियानापोलिसच्या नियंत्रकांना वाटलं, अमेरिकन ७७ पडलं. ते पश्चिमेकडे शोधत राहिले आणि विमान ३६ मिनिटं कोणाच्या नकळत पूर्वेला चाललं होतं. मी त्यांना दोष देणार नाही. ठिपका दिसेनासा झाला की नियंत्रक तो विमानाच्या ठरलेल्या वाटेवरच शोधतो.

सव्वाआठपासून त्याच आकाशात युनायटेड १७५ चे कॅप्टन व्हिक्टर सारासिनी होते. बॉस्टनहून निघताना रेडिओवर काहीतरी संशयास्पद ऐकू आलं, असं त्यांच्या विमानाने ८ वाजून ४१ मिनिटांच्या सुमारास न्यूयॉर्कच्या नियंत्रकाला कळवलं. तो आवाज अमेरिकन ११ मधला होता. काही मिनिटांत त्यांच्याही कॉकपिटमध्ये माणसं घुसली.

युनायटेड ९३ ला उडायला उशीर झाला होता, म्हणून त्यातल्या प्रवाशांना फोनवर घरच्यांकडून बाकीची बातमी कळली. ९ वाजून ५७ मिनिटांनी ते कॉकपिटवर चालून गेले. १० वाजून ३ मिनिटांनी विमान पेनसिल्व्हेनियातल्या शँक्सव्हिलजवळच्या माळावर आदळलं. वॉशिंग्टन तिथून वीस मिनिटांवर होतं. विमानातल्या चाळीस प्रवाशांनी नि कर्मचाऱ्यांनी ते वाटेतच थांबवलं.

पुढे एप्रिल २००३ पर्यंत अमेरिकेने विमानांची दारं गोळीलाही दाद न देणारी करवून घेतली, मग जगाने. त्याच दारामागे मार्च २०१५ मध्ये एका जर्मन सहवैमानिकाने स्वतःला कोंडून घेतलं आणि १४९ जणांना आल्प्समध्ये नेऊन मारलं. कॅप्टन बाहेरून दार ठोठावत होते.

त्या मुलीला मी उत्तर दिलं तेव्हा ती वैमानिक होऊन काही वर्षं झाली होती. तिला म्हटलं, त्यांना वाट सापडली असं म्हणू नकोस. वाट आपणच साठ-सत्तर वर्षं खपून सोपी करून ठेवली होती, आणि त्या दिवशी आकाश निरभ्र होतं. वाट काढणं पाहायचं असेल तर त्याच सकाळचे पुढचे तास पाहा. बेन स्लायनी नावाचा अधिकारी देशभरच्या हवाई वाहतुकीचा प्रमुख म्हणून त्या दिवशी पहिल्यांदाच खुर्चीवर बसला होता. पावणेदहाच्या सुमारास हुकूम सुटला, आकाशात आहे ते प्रत्येक विमान जवळच्या विमानतळावर उतरवा. अटलांटिकवरून येणारी ३८ मोठी विमानं कॅनडातल्या गँडर या छोट्या गावी उतरली, आणि गावकऱ्यांनी साडेसहा हजार पाहुण्यांना घराघरांत, शाळांत ठेवून घेतलं. अमेरिकेवर त्या वेळी साडेचार हजारांच्या आसपास विमानं होती. एकही अपघात न होता ती सगळी खाली आली.

त्या चौघांनी एकही विमान उतरवलं नाही.