विद्यार्थिनींचे मानसिक स्वास्थ्य : गुणपत्रिकेपलीकडची स्व-संकल्पना

चेन्नई : ‘मी कोण आहे, कशी आहे’ याविषयी व्यक्तीच्या मनात असलेल्या चित्राला मानसशास्त्रात स्व-संकल्पना म्हणतात. विद्यापीठीन विद्यार्थिनींच्या मानसिक स्वास्थ्याशी या चित्राचा निकटचा संबंध आहे. मात्र केवळ परीक्षेतील यशावरून त्याचा अंदाज बांधता येत नाही.

स्व-संकल्पनेला अनेक पैलू असतात. भारतात वापरल्या जाणाऱ्या आर. के. सारस्वत यांच्या ४८ विधानांच्या प्रश्नावलीत शारीरिक, सामाजिक, स्वभावविषयक, शैक्षणिक, नैतिक आणि बौद्धिक असे सहा पैलू मोजले जातात. अभ्यासात स्वतःला सक्षम मानणारी विद्यार्थिनी रूप, रंग किंवा इंग्रजी संभाषणाच्या बाबतीत स्वतःला कमी लेखत असू शकते.

मानसिक स्वास्थ्य म्हणजेही केवळ आजाराचा अभाव नव्हे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅरॉल रिफ यांनी १९८९ मध्ये त्याचे सहा घटक मांडले : स्वतःचा स्वीकार, इतरांशी सलोख्याचे संबंध, स्वायत्तता, परिस्थितीवर पकड, जीवनातील उद्दिष्ट आणि व्यक्तिगत विकास. यातील पहिलाच घटक स्व-संकल्पनेशी थेट जोडलेला आहे. ‘आहे ती मी’ आणि ‘असायला हवी ती मी’ यांतील दरी वाढली की अस्वस्थता वाढते, असे प्रतिपादन कार्ल रॉजर्स यांनी केले होते. हा संबंध दुहेरी आहे. नैराश्यामुळेही स्वतःविषयीचे मत खालावते.

चेन्नईत या विषयाला विशेष संदर्भ आहे. येथील क्वीन मेरीज महाविद्यालय १९१४ मध्ये सुरू झाले. उच्च शिक्षणविषयक अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये तामिळनाडूचे एकूण पटनोंदणी प्रमाण ४७ टक्के, तर देशाचे २८.४ टक्के होते. सरकारी शाळांत शिकलेल्या मुलींना उच्च शिक्षणासाठी दरमहा एक हजार रुपये देणारी ‘पुदुमै पेण’ योजना राज्याने सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू केली. ज्यांच्या घरात यापूर्वी कोणी महाविद्यालयात गेलेले नाही, अशा विद्यार्थिनींना घरच्या अपेक्षा आणि शहरी वातावरण या दोहोंच्या मापाने स्वतःला तोलावे लागते.

शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक नेमावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला. मात्र स्वतःला कमी लेखणारी विद्यार्थिनी आपण मदतीस पात्र नाही असे मानून समुपदेशकाकडे जाणे टाळू शकते. त्यामुळे नेमणुकीइतकेच तिच्यापर्यंत आपणहून पोहोचणेही आवश्यक ठरते. चेन्नईत आत्महत्या प्रतिबंधासाठी ‘स्नेहा’ ही संस्था १९८६ पासून कार्यरत आहे. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर देशभरातून निःशुल्क संपर्क साधता येतो.