जमीन गावाची, घर कुळाचं

खारेपाटणला सापडलेला एक ताम्रपट शके ९३०चा, म्हणजे इसवी सन १००८चा आहे. दक्षिण कोकणचा शिलाहार राजा रट्टराज याने तो दिला आणि तो पहिल्यांदा वाचून छापला बाळशास्त्री जांभेकरांनी. त्यांचं गाव पोंभुर्लं खारेपाटणहून फार लांब नाही. शिलाहारांची वंशावळ त्यात आहे म्हणून इतिहासकार या ताम्रपटाला मान देतात. मला त्यातला दानाचा भाग मोलाचा वाटतो. रट्टराजाने अव्वेश्वराच्या देवळाला तीन गावं लावून दिली. देवाची पूजा चालावी, देवळाची डागडुजी व्हावी, तिथल्या तपस्व्यांना अन्नवस्त्र मिळावं, हा हेतू. गावं हातात घेतली एका शैव आचार्याने, पण ती त्याच्या खासगी मालकीची झाली नाहीत. जमीन हेतूला बांधली गेली आणि माणूस तिचा राखणदार झाला.

देवासाठी जे हजार वर्षांपूर्वी केलं गेलं, ते गावात राहणाऱ्या माणसाच्या घरासाठी करता येईल का? जगात अनेक ठिकाणी ते केलं गेलं आहे. तिकडे त्या व्यवस्थेला ‘कम्युनिटी लँड ट्रस्ट’ म्हणतात. आपण तिला गावाचा भूविश्वस्त म्हणू. तिचं कूळ शोधत गेलं की वाट पुन्हा आपल्याच दारात येते, म्हणून ही कथा सांगायची.

आधी आजची स्थिती. खारेपाटण, वैभववाडी, राजापूर या पट्ट्यातल्या कुठल्याही वाडीत जा. जांभ्या चिऱ्यांची मोठी घरं गणपतीला आणि शिमग्याला उघडतात, बाकी वर्षभर कुलूप. सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं. निम्मी मुंबईत, काही वारलेली, वारसनोंद राहिलेली. एका चुलत्याची सही मिळत नाही म्हणून घर पडतं, पण दुरुस्त होत नाही. त्याच वाडीत चिरेखाणीवर काम करणारा, रिक्षा चालवणारा, अंगणवाडीत शिकवणारी, अशी माणसं घरठाणाला जागा शोधत फिरतात. चौपदरी महामार्ग झाला, रेल्वे दाराशी आली, किनाऱ्याला पर्यटन वाढलं. त्यासरशी जागेचा भाव शहरातल्या खरेदीदाराच्या खिशावर ठरू लागला. २०१७ला नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाची घोषणा झाली तेव्हा परक्या लोकांनी त्या गावांत जमिनी कशा झपाट्याने घेतल्या, हे इथल्या खाडीच्या दोन्ही तीरांनी पाहिलं. प्रकल्प २०१९ला तिथून रद्द झाला. विकलेल्या जमिनी परत आल्या नाहीत.

सरकार घरकुल देतं, पण ते बांधायला जागा ज्याची त्याने आणायची. भूमिहीनासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेत जागाखरेदीला आधी ५० हजार आणि पुढे १ लाख रुपयांपर्यंत मदत ठरली. महामार्गालगतच्या गावात एवढ्यात गुंठाभर जागाही मिळणं कठीण. आणि मिळाली तरी ती पुढच्या अडचणीच्या वर्षी विकली गेली की गावाचं एक परवडणारं घर कायमचं कमी झालं.

मराठीत ‘कूळ’ म्हणजे घराणं आणि ‘कूळ’ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाराही. एका शब्दाला हे दोन अर्थ असणं कोकणात फार खरं आहे, कारण इथे पिढ्यान् पिढ्या घराणी दुसऱ्याच्या जमिनीवर नांदली. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात खोताच्या जमिनीवर कुळाचं घर उभं असे. भिंती त्याने रचलेल्या, छप्पर त्याने शाकारलेलं, परसातला फणस त्याच्या आजीने लावलेला, आणि खालची माती खोताची. खोताने डोळे वटारले की सगळा संसार उचलायचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक सप्टेंबर १९३७मध्ये मुंबईच्या विधिमंडळात मांडलं. जानेवारी १९३८मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने गेले. खोती प्रत्यक्षात कायद्याने गेली १९४९च्या सुमारास. त्याआधी एक वर्ष, १९४८च्या कूळ कायद्यात एक कलम आलं ज्याची चर्चा फार होत नाही: कुळाच्या घराखालची जागा मालकाने विकायला काढली, तर ती घेण्याचा पहिला हक्क कुळाचा. घर एकाचं आणि जमीन दुसऱ्याची असू शकते, आणि तरीही घरवाल्याला उठवता येणार नाही, हे आपल्या कायद्याने तेव्हाच लिहून ठेवलं.

याच कायद्याच्या कलम ४३ने आणखी एक कुलूप घातलं होतं. कूळ म्हणून मिळालेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नव्हती. २०१४च्या दुरुस्तीने ते सैल झालं. दहा वर्षं झाली असतील तर शेतसाऱ्याच्या चाळीसपट रक्कम भरायची आणि विकायला मोकळं. अडलेल्या शेतकऱ्याला त्याने हात मोकळे करून दिले, हे मान्यच. पण ज्या जमिनीसाठी मोर्चे निघाले, ती दोन पिढ्यांत बाजारात उभी राहिली.

विनोबांना हा धोका फार लवकर दिसला. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत दलितांनी ८० एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डींनी १०० एकर देऊ केली; भूदान सुरू झालं. पण एकेकट्या गरिबाला दिलेला तुकडा बी-बियाण्याच्या कर्जापायी, आजारपणापायी सावकाराकडे जाऊ शकतो. त्यावर उत्तर निघालं ग्रामदानाचं. १९५२मध्ये उत्तर प्रदेशातलं मंगरौठ हे पहिलं ग्रामदानी गाव झालं. पुढे त्याचं सुलभ रूप आलं: मालकी ग्रामसभेच्या नावे, कसणं आणि वारसा कुटुंबाकडे, जमिनीचा विसावा हिस्सा भूमिहीनांना, गावाबाहेर विक्री बंद. महाराष्ट्राने १९६४मध्ये ग्रामदानाचा कायदा केला. पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या माणसाची ही कल्पना. कोकणच्या मातीतली म्हणायला हरकत नाही.

ती समुद्रापार गेली. फेब्रुवारी-मार्च १९५९मध्ये मार्टिन ल्यूथर किंग भारतात आले तेव्हा ते विनोबांना भेटले. अमेरिकेतला शांततावादी रॉबर्ट स्वान ग्रामदानाचा अभ्यास करत होता. दुसऱ्या महायुद्धात लढायला नकार दिला म्हणून तो तुरुंगात गेला होता. जॉर्जिया राज्यात ऑल्बनी गावी कृष्णवर्णीय शेतमजूर मतदानाच्या चळवळीत उतरले की गोरे जमीनमालक त्यांना घरातून काढत. तीच आपली खोताची गोष्ट. चार्ल्स शेरॉड, स्लेटर किंग आणि स्वान यांनी ठरवलं की जमीन आपलीच हवी, आणि ती कुणा एकाच्या नावे नको. १९६८मध्ये त्यांचा गट इस्रायलला जाऊन तिथले जमिनीचे दीर्घ भाडेपट्टे पाहून आला. १९६९मध्ये ‘न्यू कम्युनिटीज’ ही संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी स्लेटर किंग मोटार अपघातात गेले. संस्थेने सुमारे ५,७०० एकर जमीन घेतली. तेव्हा कृष्णवर्णीयांच्या हातातली ती अमेरिकेतली सर्वांत मोठी जमीन होती.

पुढचं वाचताना जीव तुटतो. घरांसाठीचा सरकारी निधी राज्याच्या गव्हर्नरने अडवला. दुष्काळ पडला, शेजारच्या गोऱ्या शेतकऱ्यांना मिळणारं सरकारी कर्ज यांना वेळेवर मिळालं नाही, आणि १९८५मध्ये सगळी जमीन कर्जात गेली. पण माणसं चिवट. भेदभावाच्या खटल्यात २००९मध्ये १.२ कोटी डॉलर भरपाई मिळाली आणि २०११मध्ये त्यांनी ऑल्बनीजवळच १,६३८ एकर घेतले. एके काळी तिथे गुलाम राबत होते.

जमीन गेली तरी रीत उरली. १९७२मध्ये स्वान आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिच्यावर पुस्तक लिहिलं, आणि ग्रामदान शेतीकडून घराकडे वळलं. रीत अशी: जमीन विश्वस्त संस्थेची, कधीच न विकण्यासाठी. त्यावरचं घर कुटुंबाचं, मालकीचं, वारसाने जाणारं. दोघांमध्ये बहुधा ९९ वर्षांचा भाडेपट्टा. संस्थेच्या मंडळावर तिथले रहिवासी, आजूबाजूचे गावकरी आणि सार्वजनिक हिताचे जाणकार, असे तिन्ही. घर विकायचं झालं तर किंमत आधी ठरलेल्या सूत्राने. व्हर्मांट राज्यातल्या बर्लिंग्टन शहरात १९८४मध्ये बर्नी सँडर्स महापौर असताना असा विश्वस्त उभा राहिला; तिथे विकणाऱ्याला वाढलेल्या किमतीतला पाव हिस्सा मिळतो. समजा, २० लाखांचं घर ३२ लाखांना पोचलं. १२ लाखांच्या वाढीतले ३ लाख विकणाऱ्याचे. तो २३ लाख घेऊन जातो आणि पुढच्या कुटुंबाला ते घर २३ लाखांत मिळतं. उरलेले ९ लाख घरातच राहतात, तिसऱ्या आणि चौथ्या कुटुंबासाठी. एकदा घातलेली मदत पुन्हा पुन्हा घालावी लागत नाही.

खेड्याला ही रीत कशी लागू पडते ते इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावर दिसतं. सेंट मिनव्हर परिसरात सुट्टीपुरती घरं घेणाऱ्यांनी भाव इतके चढवले की स्थानिक पोरांना गावात राहणं अशक्य झालं. गावकऱ्यांनी भूविश्वस्त काढला आणि पहिली १२ घरं राहणाऱ्यांनी स्वतः राबून बांधली. बारा म्हणजे फार नव्हेत. पण बारा घरं म्हणजे आपल्याकडची एक वाडी.

आता इकडे या. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने आधी जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि २०१३मध्ये १९६४च्याच कायद्याखाली गावाची शेती ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं. कायदा जिवंत आहे, हे त्या गोंड गावाने दाखवलं.

आणि सावंतवाडी तालुक्यातली आंबोली, चौकुळ, गेळे ही गावं दुसरी बाजू दाखवतात. तिथे संस्थानकाळात गावकऱ्यांनी कबुलायत लिहून देऊन गावाची जमीन सामाईक धरली. कबुलायतदार गावकर हे तिचं नाव. पुढे सरकारी दप्तरात ती जमीन शासनाच्या नावे चढली. माणसं तिथेच नांदत होती, पण कुणाच्या हातात कागद नाही. कर्ज नाही, घरकुल नाही. म्हणून लढा झाला तो जमीन कुटुंबागणिक वाटून द्या असा. सामाईकपणाची गोडी गाणाऱ्या प्रत्येकाने या तीन गावांचं ऐकावं. नुसती सामाईक मालकी माणसाला सुरक्षित ठेवत नाही. भूविश्वस्ताची खरी करामत भाडेपट्ट्याच्या नोंदणीकृत कागदात आहे, जो प्रत्येक घराच्या पेटीत असतो.

खारेपाटणला हे करायचं तर वाट सोपी नाही. ट्रस्ट काढता येईल. १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याने त्याची जमीन धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, हे कुलूप आयतंच आहे. पण त्याच कायद्याच्या कलम ३६ने बिनशेती जागा तीन वर्षांपेक्षा लांब मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायलाही परवानगी लागते. २९ वर्षांहून लांब भाडेपट्ट्यावर मुद्रांक शुल्क जवळजवळ खरेदीखताइतकं. शेतजमीन घ्यायची तर कूळ कायद्याचं कलम ६३ आडवं: शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय ती घेता येत नाही. म्हणून सुरुवात गावठाणातल्या बंद घरांपासून व्हावी. ज्या चाकरमान्यांना घर पडू द्यायचं नाही आणि परक्याला विकायचंही नाही, त्यांनी आपला हिस्सा गावाच्या विश्वस्ताला दान द्यावा किंवा कमी दराने द्यावा. मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांनी देवळांच्या जीर्णोद्धाराला लाखो रुपये उभे केले आहेत. तीच मंडळं घरठाणांसाठीही उभी राहू शकतात. आणि शासनाने एवढंच करावं: परवडणाऱ्या घरासाठीच्या अशा भाडेपट्ट्याला मुद्रांक शुल्क माफ करावं आणि जागाखरेदीचे ते १ लाख रुपये, लाभार्थीची मर्जी असेल तर, गावाच्या विश्वस्ताकडे घालू द्यावेत.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर: यांतल्या ज्या ग्रामसभेला तुम्ही गावी असाल, तिथे उठून उभे राहा आणि वाडीतल्या एका बंद घराचा विषय कार्यवृत्तात लिहून घ्या.