जखम भरणे : वृद्धिघटकांच्या शोधाचा इतिहास

त्वचेची जखम भरताना तेथील कोशिकांचे (पेशींचे) स्थलांतर व विभाजन ज्या प्रथिनांच्या अल्पशा प्रमाणाने नियंत्रित होते, त्यांना वृद्धिघटक म्हणतात. सुश्रुतसंहितेत व्रणावरील साठ उपक्रम सांगितले आहेत. जखम भरण्यामागील रासायनिक संदेशांचा उलगडा मात्र मुख्यतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला.

स्टॅन्ली कोहेन यांनी उंदराच्या लालाग्रंथीपासून वेगळे केलेले एक प्रथिन नवजात पिलांना टोचले असता त्यांचे डोळे नेहमीपेक्षा कित्येक दिवस आधी उघडले (1962). पापण्यांवरील अधित्वचेची (त्वचेच्या सर्वांत बाहेरील थराची) वाढ जलद झाल्याचा हा परिणाम होता. या ‘अधित्वचा वृद्धिघटका’च्या संशोधनाबद्दल कोहेन यांना 1986 मध्ये रीता लेव्ही-माँताल्चीनी यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. 1974 मध्ये रसेल रॉस व त्यांचे सहकारी यांनी रक्त गोठताना बिंबाणूंतून (प्लेटलेटांतून) बाहेर पडणारा घटक कोशिका-विभाजनास चालना देतो, असे दाखविले. रक्ताची गुठळी केवळ रक्तस्राव थांबवीत नाही, तर दुरुस्तीचा आरंभही करते, हे त्यावरून स्पष्ट झाले. सर्वच घटक केवळ वाढ घडवितात असे नाही. रूपांतरकारी वृद्धिघटक-बीटा हा कोलॅजेनाची निर्मिती वाढवितो, पण अधित्वचेतील कोशिकांचे विभाजन रोखतो. त्याची क्रिया दीर्घकाळ चालू राहिल्यास जाड वण उरू शकतो.

1962 मध्येच जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरील प्रयोगांत, ओलसर राखलेल्या उथळ जखमेवर नवी अधित्वचा उघड्या जखमेच्या सुमारे दुप्पट वेगाने येते, असे दाखविले. कोरड्या खपलीखालून वाट काढण्याऐवजी कोशिका ओल्या पृष्ठावरून सहज सरकतात आणि स्रावातील वृद्धिघटकही तेथे टिकून राहतात. जखम वाळू द्यावी, ही रूढ समजूत त्यामुळे मागे पडली.

या तत्त्वाचा अल्प खर्चाचा उपयोग मुंबईत झाला. भाजलेल्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याच्या सालींचे आच्छादन वापरण्याविषयीचा प्राथमिक अहवाल एम. एच. केस्वानी व ए. आर. पाटील यांनी 1985 मध्ये प्रसिद्ध केला. साल स्वतः वृद्धिघटक पुरवीत नाही. ती जखम वाळू देत नाही. महागडी आच्छादने न परवडणाऱ्या रुग्णांच्या दृष्टीने हे महत्त्वाचे होते.

बिंबाणूजन्य वृद्धिघटकापासून केलेल्या मलमास अमेरिकेत 1997 मध्ये मधुमेहींच्या पायांवरील व्रणांसाठी मान्यता मिळाली. तथापि जुनाट व्रणांतील प्रथिनभंजक एंझाइमे वृद्धिघटकांचा नाश करतात. म्हणून मृत ऊतक काढणे, संसर्ग आटोक्यात ठेवणे, पायावरील दाब कमी करणे व रक्तपुरवठा सुधारणे यांना अशी औषधे पूरक ठरतात, पर्याय नव्हेत.